उलटा दिसलेला कोट

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

पत्र लिहायची वेळ तुमच्या फोनमुळे आली. आम्ही परत आल्यापासून तुम्ही तीनदा फोन करून सहल कशी झाली ते विचारलंत. तिन्ही वेळा माझं सांगणं शनिवारच्या संध्याकाळपाशी आलं की तुमच्या दारावर कोणीतरी आलं, किंवा दूध उतू गेलं, किंवा माझा आवाज तुम्हाला येईनासा झाला. (दूध तुमच्याकडे सकाळी तापतं. फोन संध्याकाळचा होता.) अर्धवट सांगून सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. पत्राचं बरं असतं, वाचता वाचता दारावर कोणी आलं तरी ते तिथेच पडून राहतं. म्हणून शुक्रवारपासून रविवारपर्यंत सगळं क्रमवार लिहिते आहे. अक्षर नेहमीपेक्षा मोठं काढलं आहे. ते का, हे शेवटी येईल.

आधी रीतीप्रमाणे नमस्कार. वाकून करायला हवा, पण माझी कंबर आणि तुमचा गुडघा यांचं सध्या एकच दुखणं आहे, तेव्हा लिहून केलेला गोड मानून घ्यावा. गुडघा कसा आहे? थंडीत जिने चढू नका असं डॉक्टरांनी बजावल्याचं मला तुमच्याच तोंडून कळलं होतं. (आमच्याकडे लिफ्ट नाही, हे आपलं सहज आठवलं.) माझी तब्येत उत्तम. तुमच्या बंधूंना सर्दी झाली आहे; तिची हकीकत ओघात येईल.

तुम्ही पाकीट घेऊन आलात तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चपलांच्या दुकानातल्या सोडतीत बक्षीस लागलं, दोन रात्री, तलावाकाठचं गेस्टहाउस, फक्त जोडप्यासाठी, आणि मी एकटी जोडपं कुठून आणू, तेव्हा तुम्हीच जा, असं तुम्ही म्हणालात. इथवर ठीक होतं. पण पुढे तुम्ही म्हणालात की थंडीच्या दिवसांत नवराबायकोने जरा जवळ बसावं, म्हातारपणी तेवढंच सोबतीला राहतं. वन्सं, मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून 'नवऱ्याला डोक्यावर बसवू नकोस' हा एकच सल्ला तुम्ही मला देत आला आहात, आणि तो मी पाळलाही आहे. तुमच्या तोंडी जवळ बसण्याची भाषा ऐकून मी हबकायला हवं होतं. माझी सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून गेली. एखादी मुलगी आपणहून माझ्या टेबलावर फुलं आणून ठेवायची, तेव्हा मी ती पाण्यात घालायच्या आधी मागच्या फाटकाचं कुलूप बघून यायची. निवृत्तीनंतर माणूस मऊ पडतो. या वेळी मी फुलं सरळ पाण्यात घातली.

आता हे गेस्टहाउस म्हणजे आमच्याच घरासमोरच्या तलावाचा पलीकडचा काठ. भांडी घासताना मला रोज त्याचं लाल छप्पर दिसतं. सहल म्हणजे कुठेतरी जाणं अशी माझी समजूत होती. इथे, घरातून रोज जे बघायचं तिथे जाऊन बसायचं आणि तिथून घर बघायचं, असा प्रकार होता. तुमच्या बंधूंच्या मते सरळ रेषेत अंतर किलोमीटरभरही नाही, आणि उभा जन्म जमिनी मोजण्यात गेलेल्या माणसाशी अंतरावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. बस मात्र तलावाला वळसा घालून, वाटेतल्या प्रत्येक झाडाची विचारपूस करत जाते.

बांधाबांध करताना दोन गोष्टींवरून आमचं वाजलं. पहिली दुर्बीण. निवृत्त होताना खात्याने मोडीत काढलेली मोजणीची जुनी दुर्बीण यांनी विकत घेतली, ती तीन पायांच्या स्टँडसकट पलंगाखाली असते हे तुम्हाला माहीत आहे. (माहीत होतं, तुम्ही विसरलात. तुमचा दोष नाही. रोमँटिक सहलीला कोणी मोजणीची दुर्बीण नेईल, हे कुठल्याही शहाण्या माणसाच्या मनात येणार नाही.) पक्षी बघायचे आहेत म्हणाले. या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर. यांना त्याचं काहीच वाटत नाही. उलटं बघून सुलटं लिहिण्यात यांची नोकरी झाली. मी एकदाच पाहिलं होतं तेव्हा मला बगळा आकाशाला टांगलेला दिसला आणि मी पुन्हा तिच्या वाटेला गेले नाही. तरी दुर्बीण आली.

दुसरी गोष्ट कोट. मामंजींचा, रेल्वेच्या सिग्नलवरच्या ड्यूटीचा, काळा लोकरी. तो यांना बरोबर हवा होता. तो कोट मी दरवर्षी उन्हात घालते, डांबरगोळ्या बदलते, परत टांगते. घालत कोणीच नाही, कारण तुम्ही मामंजींच्या उंचीवर गेलात आणि हे सासूबाईंच्या, त्यामुळे यांना तो घोट्यापर्यंत येतो आणि हात बाहीतून बाहेर निघत नाहीत. डांबरगोळ्यांचा वास मारणारा नवरा घेऊन जोडप्यांच्या ठिकाणी जायची माझी तयारी नव्हती. कोट कपाटात राहिला. म्हणजे सर्दी माझ्यामुळे झाली असं हे म्हणतात.

निघताना मी ओटा पुसला, दिवे घालवले, गॅस बघितला, आणि घरात कोणी नाहीच तर होऊन जाऊ दे म्हणून सगळ्या खिडक्यांचे पडदे काढून लाँड्रीत टाकले. (ओटा पुसला, हे लक्षात ठेवावं. त्याचा पुढे संबंध आहे.)

गेस्टहाउसमधल्या खोल्यांना आकडे नव्हते, नावं होती. चाहूल, मिठी, हुरहूर अशी. आम्हाला हुरहूर मिळाली होती. बसच्या प्रवासानंतर तुमच्या बंधूंना घाईची लागली होती, तेव्हा मला भर हॉलमध्ये, जरा चढ्या आवाजात, आमची हुरहूर कुठे आहे असं विचारावं लागलं. कोपऱ्यात बसलेलं एक नवं जोडपं आदराने उठून उभं राहिलं. खोलीत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचं हृदय मांडलेलं होतं. मी चादर चारी कोपऱ्यांनी उचलली आणि बाल्कनीतून झटकली. खाली तेच जोडपं फोटो काढत होतं. ही पाकळ्यांची वृष्टी गेस्टहाउसतर्फे आहे असं वाटून त्यांनी वर बघून टाळ्या वाजवल्या. मी हात केला. काय करणार?

पलंग दोघांचा आणि पांघरूण एक, हे मात्र मी खपवून घेतलं नाही. आमच्या घरी लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून दोन पांघरुणं आहेत, आणि आमचा संसार टिकला त्यात त्या दुसऱ्या पांघरुणाचा वाटा माझ्या समजूतदारपणापेक्षा मोठा आहे. काउंटरवरच्या मुलीकडे दुसरं मागितलं, तर ती म्हणाली की जोडप्यांना एकच देतात, ती थीम आहे. मी तिला थंडी कशाला म्हणतात ते समजावलं. तिने मला थीम कशाला म्हणतात ते समजावलं. थीम जिंकली. तुमचे बंधू झोपेत पांघरूण ओढतात, गुंडाळतात आणि वर कुशी बदलतात. शनिवारी उजाडताना माझ्या वाट्याला जे उरलं होतं त्यात एक हातरुमाल झाला असता.

त्याआधी शुक्रवारचं जेवण. मेणबत्त्या होत्या, म्हणजे ताटात काय आहे ते दिसणार नाही अशी व्यवस्था होती. आमचं टेबल डुगडुगत होतं. तुम्हाला तुमचा भाऊ ठाऊक आहे. यांनी पाण्याचा ग्लास टेबलाच्या मध्यावर ठेवला, डोळा पाण्याच्या पातळीला आणला, कागदी रुमालाची घडी केली, टेबलाखाली गेले आणि टेबल सरळ करून आले. तिथे थांबले असते तर वेगळं. पण तिथली फरशीच पूर्वेकडे उतरती आहे असा यांना शोध लागला, म्हणजे ओघानेच सगळी टेबलं आली. सूप गार होत होतं आणि माझा नवरा एकेका टेबलाखाली शिरत होता. हातात हात घेऊन बसलेली माणसं, पायांपाशी निवृत्त सर्व्हेअर सापडला की दचकतात. एका मुलीने किंकाळी फोडली. मी मान खाली घालून सूप संपवलं, यांचंही संपवलं. गंमत म्हणजे मॅनेजर खूश झाला. वर्षानुवर्षं लोक टेबलांची तक्रार करत होते म्हणे.

शनिवारी सकाळी नव्या जोडप्यातली मुलगी माझ्याकडे आली आणि आम्ही तलावावर फिरून आलो तर चालेल का, असं विचारू लागली. मी तिला माझा हुद्दा सांगितला नव्हता. तो माझ्या चेहऱ्यावर राहिला असावा. मी म्हटलं, जा, पण जेवणाच्या आत या. दोघं वेळेत आली आणि मला येऊन सांगून गेली.

दुपारी काउंटरवरच्या मुलीने हसत हसत निरोप दिला की तुमच्या नणंदबाईंचा फोन होता. दोघं आलेत ना, खूश आहेत ना, संध्याकाळी मेणबत्तीच्या जेवणाला नक्की बसणार ना, मधेच घरी तर परतणार नाहीत ना, असं चारचारदा विचारत होत्या. किती काळजी करतात, बुकिंगलाही त्या स्वतः आल्या होत्या, असंही म्हणाली. तेव्हा मला कळलं की चपलांच्या दुकानात सोडत वगैरे काही नव्हती; हे तुम्ही पदरचे पैसे घालून केलंत. वन्सं, खोटं सांगत नाही, मला भरून आलं. आजवर तुम्हाला जे जे मनात बोलले ते आठवून मला अपराधी वाटलं. बाल्कनीत बसून मी यांना म्हटलं की ताईंचा स्वभाव आपल्याला कळलाच नाही. हे म्हणाले, मला कळलाय, आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. (ही शनिवारची दुपार. यानंतर संध्याकाळ येते. तुमच्या दारावर कोणी आलं असेल तर उघडून या, मी थांबते.)

संध्याकाळ झाली. पक्षी झोपायला गेले म्हणून यांनी दुर्बीण पलीकडच्या काठाकडे वळवली, आणि म्हणाले, तू स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवून आलीस. मी म्हटलं, मी घालवून आले. हे म्हणाले, मग तो पेटलाय कसा? मी म्हटलं, तुम्ही सगळ्यांत शेवटी पाणी प्यायला गेला होतात. हे म्हणाले, मी अंधारात पितो. या विषयावर जेवढं बोलता येतं तेवढं आम्ही बोललो, आणि मग विषय वाढवला. तुम्ही आम्हाला जवळ बसायला पाठवलं होतंत. बसायचं सोडून आम्ही दोघंही उभे होतो. शेवटी हे बूट घालू लागले. बसने घरी जातो, दिवा घालवतो आणि परत येतो, असं ठरवून. खाली मेणबत्त्या लावायला सुरुवात झाली होती, वेळेवर या असं सांगायला काउंटरवरची मुलगी दोनदा येऊन गेली. दिवा पेटलेला नाहीच, समोरच्या इमारतीच्या दिव्याचं प्रतिबिंब असणार, हे सिद्ध करायला म्हणून मी नाक मुठीत धरून त्या दुर्बिणीला डोळा लावला.

आमच्या स्वयंपाकघरात एक माणूस छताला टांगलेलं होतं.

म्हणजे पाय वर, डोकं खाली, आणि तसंच इकडून तिकडे चालत होतं. चोर, दुसरं काय? वॉचमनला फोन करावा म्हणून मी मोबाइल शोधायला हात लांब केला, तेवढ्यात त्या चोराने नळाखाली फडकं पिळलं आणि ओटा पुसायला घेतला. मग मसाल्यांचे डबे मोठ्यापासून लहान असे लावले. मग पुन्हा मागे होऊन बघितलं आणि ओटा आणखी एकदा पुसला.

वन्सं, वसतिगृहात मी अंधारात, भिंतीवरून, खिडकीतून आत शिरणाऱ्या मुली पाहिल्या. चोरही पाहिला एकदा. आत शिरल्यावर आधी दुसऱ्याचा ओटा पुसून घेणारं माणूस माझ्या माहितीत जगात एकच आहे. आणि ओटा पुसलेला होता.

मी बाजूला झाले आणि यांना बघायला सांगितलं. हे एका पायात बूट घालून आले. बघितलं. त्यांना उलटं बघायची सवय आहे, त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं असणार. स्वयंपाकघरातला दिवा गेला आणि झोपायच्या खोलीतला लागला. (विसरून राहिलेला दिवा जागचा हलत नाही. तो वाद मी जिंकले, हे इथे नोंदवून ठेवते.) झोपायच्या खोलीची खिडकीही तलावाकडेच आहे, पडदे लाँड्रीत, आणि आरशाचं कपाट खिडकीच्या समोरच्या भिंतीला. मी मोबाइल उचलला. वॉचमनला नाही, तुम्हालाच लावणार होते.

"फोन ठेव," हे म्हणाले.

"विचारू तरी द्या, काय हवंय त्यांना."

"विचारलंस की ती काही नको म्हणेल. आजवर तेच म्हणत आलीय."

"काय करतायत?"

"कपाट उघडलं. कोट काढला." मग थोड्या वेळाने म्हणाले, "घातला."

"मग?"

"मग काही नाही. आरशासमोर उभी आहे. राहू दे उभी."

मी फोन ठेवला.

तुम्ही किती वेळ उभ्या होतात ते मी लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आणि मी घड्याळ बघितलं नाही. दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरली म्हणून हे रुमाल मागत होते. थंडी होतीच. मी एकदा बघितलं. वन्सं, तो कोट तुम्हाला बेतून शिवल्यासारखा बसतो. उलटा दिसत असूनही कळत होतं.

मग यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. हे लहानपणी सारखे आजारी, म्हणून यांना थंडीत घराबाहेर सोडत नसत. मामंजींना डबा द्यायला सिग्नलच्या केबिनमध्ये जायचात ते तुम्ही. हे खिडकीत बसून वाट बघायचे. परतताना तुम्ही मामंजींच्या कोटाच्या आत शिरून चालायचात, त्यामुळे गल्लीच्या तोंडाला एकच कोट दिसायचा आणि त्याच्याखाली चार पाय. यांना फार दिवस वाटायचं की कोट घातला की वडिलांना चार पाय फुटतात. हे सांगताना हसले, आणि मग हसायचे थांबले. मामंजी गेले तेव्हा घर भरलेलं असताना त्या कोणा काकांनी (नाव आता कोणालाच आठवत नाही) लेक वाटणी मागायला आली का, असं विचारलं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत की मला या घरातली सुईसुद्धा नको. काका गेले, त्यांना ओळखणारे गेले. तुमचं वाक्य तेवढं राहिलं. पुढे एकदा हे कोट घेऊन तुमच्याकडे आले होते, तेव्हा 'मी काय मागायला आले होते का,' असं म्हणून तुम्ही त्यांना दारातून परत पाठवलंत. तेव्हापासून यांची हिंमत नाही आणि तुमची तऱ्हा ही अशी.

खोलीतला दिवा गेला. मग जिन्यातला लागला, मग तोही गेला. तुम्ही रिकाम्या हातांनी गेलात, ते मी स्वतः बघितलं. एवढा खर्च, एवढी खोटी सोडत, त्या गुडघ्याने एवढे जिने, आणि कोट परत जागच्या जागी टांगून गेलात. चोरीसुद्धा तुम्हाला धड करता येत नाही.

मेणबत्तीचं जेवण आमचं हुकलं. काउंटरवरची मुलगी सूप वर घेऊन आली, तर हे एका पायात बूट घालून बाल्कनीत बसलेले आणि आत यायला तयार नाहीत. समोर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, सगळा काठ काळा होता. कोट नव्हता, पांघरूण एकच होतं, तेव्हा ते आणून दोघांवर घेणं भाग पडलं, आणि ते पुरायचं तर जवळ बसणंही भाग पडलं. तुमचा सांगितलेला हेतू तेवढ्यापुरता साध्य झाला असं समजावं. सूप चांगलं होतं. त्याहून जास्त मी लिहिणार नाही.

रविवारी घरी आलो. कोट कपाटात होता, पण मी टांगते तेव्हा बटणं डावीकडे येतात, ती उजवीकडे होती. डबे अजून तुम्ही लावले तसेच आहेत. त्यामुळे मला मीठ सापडत नाही.

यांनी तुम्हाला सप्रेम नमस्कार सांगितला आहे. म्हणजे सांगितलेला नाही, कारण पत्रात काय आहे ते त्यांना माहीत नाही. पण सांगितला असता. गुडघ्याला शेक घेत जा.

तुमची,
भावजय

ता. क. आपण बघितलं हे ताईला कधी कळता कामा नये, असं यांनी बाल्कनीत माझ्याकडून वचन घेतलं होतं. एक शब्द बोलणार नाही असं मी म्हटलं होतं. बोललेली नाही. तीनदा बोलायला आले होते, तेव्हा तुम्हीच फोन ठेवून मला वाचवलंत. लिहिण्याबद्दल ठरलं नव्हतं.

ता. क. मूळ काम राहिलं. डांबरगोळ्यांनी मला शिंका येतात असं डॉक्टरांचं मत आहे. (डॉक्टरांना मी अजून विचारलेलं नाही, पण विचारलं तर तेच सांगतील.) तेव्हा हा कोट तुमच्याकडे सांभाळायला पाठवते आहे. ही भेट नाही, वाटणी नाही आणि उपकार तर मुळीच नाही. आमच्याकडे जागा नाही म्हणून तुमच्यावर टाकलेलं ओझं आहे. तो घालून ठेवला तर कसर लागत नाही, म्हणून थंडीभर घालावा लागेल. तुम्हाला त्रास होईल, पण माझा नाइलाज आहे.

ता. क. टेबलं सरळ केल्याबद्दल मॅनेजरने आणखी दोन रात्रींचं पाकीट दिलं आहे. जोडप्यासाठी असं छापलं आहे, पण कोणतं जोडपं ते छापलेलं नाही. त्यावर तुम्ही दोघं भावंडं जा. यांना त्या केबिनमध्ये काय काय होतं ते विचारायचं आहे, आत कसली शेगडी होती, तरफा ओढताना आवाज कसा यायचा, तुम्ही कुठे बसायचात. हे यांनी तुम्हाला इतक्या वर्षांत विचारलेलं नाही आणि समोरासमोर कधी विचारणारही नाहीत. तुम्हीच सुरुवात करा. दुसरं पांघरूण घरून न्या, थीमचं ऐकू नका. मी घरी थांबते. स्वयंपाकघरातला दिवा या वेळी मुद्दाम चालू ठेवीन, म्हणजे तिथून बघायला काहीतरी असेल. डबे मात्र तोवर मी माझ्या पद्धतीने लावून घेणार आहे.

ता. क. तुमचा वाचायचा चष्मा कोटाच्या उजव्या खिशात होता. अक्षर मोठं काढलं ते त्यामुळे. आमच्या घराची तुमच्याकडची किल्ली तुमच्याकडेच ठेवावी. फक्त पुढच्या वेळी आम्ही घरात असताना या.

सोबत दिलेल्या वस्तू: लोकरी कोट, काळा, वरून दुसरं बटण नसलेला, डांबरगोळ्या काढून, उन्हात घालून. चष्मा, खिशात होता तसाच, काचा पुसून. आणणार: धाकटा भाऊ, सर्दीसह. पत्रात काय आहे ते त्याला ठाऊक नाही. तो दारात उभा राहील आणि परत नेण्याच्या तयारीत असेल. पिशवी आधी हातातून घ्यावी आणि मग चहाला बसवावं. परत करण्याची तारीख घातलेली नाही. कॉलरच्या आत सासूबाईंनी कधीतरी खोचून ठेवलेली एक सुई सापडली. ती मी काढून घेतली आहे.